वापरण्यास योग्य

"या घरात माणसं राहतात असं गिऱ्हाइकाला वाटता कामा नये," एजंट म्हणाला, आणि माझ्या पोटात गोळा आला.

पोटात गोळा येणं माझ्यासाठी नवं नाही. दारावरची बेल वाजली की येतो. वाजायची असून वाजली नाही, तर आणखी मोठा येतो. ऑफिसात साहेबांनी "जरा आत या" म्हटलं की आत पोचेपर्यंत माझा मनातल्या मनात राजीनामा लिहून होतो, घरी सांगून होतं, बायकोची समजूतही काढून होते. साहेबांना पंख्याचा रेग्युलेटर कुठला, एवढंच विचारायचं असतं. पण हा गोळा निराळा होता. त्या घरात आम्ही एकोणपन्नास वर्षं राहत होतो. राहत नाही असं दाखवायला निदान दोन-तीन वर्षं तरी मिळायला हवी होती. हातात होते सव्वीस दिवस.

सव्वीसच का, ते सांगतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि बाबा एक्याऐंशी वर्षांचे. चौदा महिन्यांपूर्वी ते केस कापायला म्हणून खाली गेले आणि परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसले. बसले ते उठलेच नाहीत. मी आणि पेपरवाल्याने त्यांना उचलून वर आणलं. त्या दिवसापासून बाबा जिना उतरले नाहीत. केस कापणारा वर येतो, डॉक्टर वर येतात, आणि बाबा गॅलरीतून खालच्या रस्त्याकडे बघत बसतात. एकदा मला म्हणाले, "अरे, खालच्या चपला शिवणाऱ्याने टोपी बदलली." त्यात तक्रार काहीच नव्हती. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग दुसरीकडे, तळमजल्यावर, दोन विकाऊ खोल्या सापडल्या. पुढे हातभर अंगण, अंगणात सिमेंटचं बाक. मालकीण निवृत्त हेडमास्तरीणबाई. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते. एक तारखेला दुसऱ्यांना देणार. सबबी चालणार नाहीत." मी "हो बाई" म्हणालो आणि मागे न वळता उलट पावली बाहेर आलो. म्हणजे आमचं घर महिनाअखेरीच्या आत विकलं गेलं तर बाबा अंगणात बसणार, नाही तर गॅलरीत. एवढी साधी गोष्ट. रोज पहाटे डोळे उघडले की ती माझ्या छातीवर येऊन बसायची.

आता यातली गंमत अशी, आणि मला सोडून सगळ्या इमारतीला ती गंमत वाटते, की बाबा स्वतः लिफ्ट इन्स्पेक्टर होते. तेहतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासत होते. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, तार बघायची, दोष लिहायचा, उपाय लिहायचा आणि शेवटी शेरा मारायचा: 'वापरण्यास योग्य' किंवा 'अयोग्य'. त्या खड्ड्यांत ओल आणि तेल. साधी पेन्सिल पुसली जायची, शाई पसरायची. म्हणून खात्याने त्यांना कॉपिंग पेन्सिली दिल्या होत्या. जिभेला लावून लिहायची, अक्षर जांभळं उमटायचं आणि जन्मात पुसलं जायचं नाही. माझ्या लहानपणी बाबांची जीभ कायम जांभळी असायची. सगळ्यांच्याच वडिलांची असते असं मी बरीच वर्षं समजत होतो.

निवृत्त झाल्यावर माणसं घरी येतात. बाबांची तपासणी तर नोकरीत असतानाच घरी आली होती. घरात काही बिघडलं की बाबा त्या जागीच, भिंतीवर, बारीक अक्षरात नोंद करायचे. नळामागे: 'वॉशर बदलला. पुन्हा गळणार.' खिडकीच्या चौकटीला: 'बिजागरी सैल. जोरात ओढू नये.' बटणांच्या वर: 'फ्यूज. तार बदलली. पुन्हा उडणार.' एकोणपन्नास वर्षांत आमच्या घराचं एकही दुखणं नोंदीवाचून राहिलं नव्हतं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. भिंतीवर पाल दिसावी तशी ती नोंद दिसायची, आणि आम्ही पुढे जायचो.

एजंटला मात्र वाटलं. तो एकेक नोंद वाचत घरभर फिरला आणि खुर्चीत बसून त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, तुम्ही घर विकताय की घराविरुद्ध साक्ष देताय?"

मग त्याने कामं सांगितली. भिंतींना एक हात रंग. अर्धं सामान बाहेर. आमचे फोटो खाली, कारण गिऱ्हाइकाने आपले फोटो तिथे मनात लावले पाहिजेत. दात घासायचे ब्रश कपाटात, कारण ब्रश दिसला की दात आठवतात. टेबलावर भांडंभर लिंबं, पण खरी नकोत, खरी सुकतात. बेडरूममधलं जुनं कपाट हलवायचं म्हणजे खोली मोठी दिसेल. गिऱ्हाईक यायच्या वेळी सगळ्या खिडक्या बंद, म्हणजे रस्त्याचा आवाज येणार नाही, आणि गॅसवर कॉफी उकळत ठेवायची. "वासानं घर विकलं जातं," तो म्हणाला.

"आणि बाबा?" बायकोने विचारलं.

एजंट जरा घुटमळला. "म्हाताऱ्या माणसाला बघून गिऱ्हाइकाला वाटतं, घरात आजारपण आहे. तेवढा वेळ समोरच्या घरी बसवता आलं तर..."

मी बाबांकडे बघितलं. ते गॅलरीत पाठमोरे बसले होते. त्यांना ऐकू आलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं. मी भित्रा आहेच; त्यातून स्वतःला काहीबाही सांगायची माझी जुनी सवय.

समोरच्या काकूंनी आमचं अर्धं सामान आणि अख्खे बाबा ठेवून घ्यायचं आनंदाने कबूल केलं. काकूंना सल्ला द्यायला माणूस लागतो, आणि आता त्यांना सामानासकट तो मिळणार होता. "रंग पिवळा दे हो," त्या मला म्हणाल्या. "माझ्या भाच्यानं निळा दिला, त्याचं घर तीन वर्षं पडून आहे." मी पिवळा सांगून आलो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पिवळा? अगंबाई! काविळीचा?" रात्रभर मला झोप नाही. शेवटी रंगाऱ्यानेच पांढरा आणला, कारण त्याच्याकडे तोच होता.

रंगारी कामाला चोख. दोन दिवसांत घर पांढरंशुभ्र झालं, एकही नोंद दिसेना. मी भिंतीवरून हात फिरवला आणि मला एकदम अनोळखी घरात शिरल्यासारखं वाटलं. आता कोणी येऊन "तुम्ही इथे काय करताय?" असं विचारेल, अशी धास्ती वाटून मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

तोवर इमारतीच्या सेक्रेटरींकडून ना हरकत पत्र आणायचं होतं. ते तळमजल्यावर राहतात आणि त्यांचेही गुडघे गेलेले आहेत. त्यांनी तक्रारवही उघडली. "तुमच्या वडिलांनी केलेल्या प्रलंबित तक्रारी एक्केचाळीस," ते म्हणाले. "त्या निकाली निघाल्याशिवाय पत्र देता येत नाही. नियम नऊ."

"मग निकाली काढा ना."

"तक्रारदारानं समक्ष येऊन मागे घ्यायला हव्यात."

"बाबा खाली येऊ शकत नाहीत. तुम्ही वर याल का?"

सेक्रेटरींनी आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

शेवटी समक्ष म्हणजे एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतपत, असा तोडगा निघाला. सेक्रेटरी खाली जिन्याशी खुर्ची टाकून बसले, बाबा वर कठड्याशी. मधल्या मजल्यांवरची दारं उघडली आणि माणसं ऐकायला उभी राहिली. "तक्रार क्रमांक एक! जिन्यातला दिवा!" खालून आरोळी. "मागे!" वरून बाबा. मी वही घेऊन सहीसाठी वर, सही घेऊन खाली. एकदम सगळ्या सह्या घेऊ म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, नियम दहा. विसाव्या तक्रारीला माझे स्वतःचे गुडघे बोलायला लागले. चाळिसावी मागे घेऊन झाली, आणि खालून आवाज आला, "क्रमांक एक्केचाळीस! इमारतीस लिफ्ट बसवणे!"

वरून काहीच आवाज आला नाही.

मी धापा टाकत वर गेलो. बाबा कठडा धरून उभे होते. "ती नाही मागे घेणार," ते म्हणाले.

"बाबा, आपण इथून चाललोय. आता लिफ्टचं आपल्याला काय करायचंय?"

"दोष आहे तो आहे," बाबा म्हणाले आणि आत गेले. पत्र राहिलं. माझं डोकं गरगरायला लागलं ते चढउतार केल्यामुळे की भीतीने, ते मला अजून सांगता येत नाही.

उरले अकरा दिवस. पत्राशिवाय का होईना, गिऱ्हाईक बघून घेऊ असं एजंट म्हणाला आणि एका जोडप्याला घेऊन आला. बाबा काकूंकडे. खिडक्या बंद. कॉफी गॅसवर. मी दाराशी उभा, चेहऱ्यावर एजंटने शिकवलेलं हसू.

एजंटने आमच्या फोटोंच्या जागी दुकानातून आणलेल्या चौकटी टांगल्या होत्या. चौकटीत दुकानानेच घातलेलं एक हसरं कुटुंब होतं: गोरेगोमटे आईबाप, दोन मुलं, सगळ्यांचे दात सारखे. ते काढायचं आमच्या लक्षातच आलं नाही. जोडप्यातल्या बाईने विचारलं, "हे कोण?"

खरं सांगून टाकायचं ना! पण घाबरलो की माझ्या तोंडून आधी खोटं येतं आणि मग घाम. "मेहुणा," मी म्हणालो. "परदेशात असतो."

"अय्या," ती म्हणाली, "हे आमच्याही हॉलमध्ये आहेत. आम्ही अजून चौकटीतून काढले नाहीत."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की तिला खरोखरच परदेशात भाऊ असता तर ती त्याच क्षणी त्याच्याकडे राहायला गेली असती. मी विषय बदलायला म्हणून त्या गृहस्थांना दिव्यांची बटणं दाखवायला गेलो. ते बटणांच्या वर बघत राहिले. पांढऱ्याशुभ्र भिंतीतून हळूहळू, जिवंत असल्यासारखी, जांभळी अक्षरं वर येत होती. '...पुन्हा उडणार.'

"काय उडणार?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "तशी काही शक्यता नाही."

ती दोघं कॉफीही न घेता गेली. जिन्यात बाई नवऱ्याला म्हणत होती, "भिंतीतून अक्षरं येतात हो त्या घरात." दुसऱ्या मजल्यावरच्यांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत काकूंनी मला तीन उपाय सांगितले. ते इथे सांगण्यासारखे नाहीत.

रंगाऱ्याने दुसरा हात दिला. अक्षरं पुन्हा आली, आधीपेक्षा ठसठशीत. तिसरा हात दिला. आता शेजारच्या नोंदीही आल्या. रंगारी भिंतीपासून चार पावलं मागे सरला आणि बराच वेळ बघत राहिला. "साहेब, डाग असता तर झाकला असता," तो म्हणाला. "हे आतून येतंय." त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात त्याला असं कोणी हरवलं नव्हतं म्हणे.

उरले दोन दिवस. मी हेडमास्तरीणबाईंना फोन करून चार दिवस वाढवून मागायचं ठरवलं, नंबर फिरवला, त्यांनी "कोण?" म्हणताच घाबरून ठेवून दिला. त्यांनी उलट फोन केला. मी उचललाच नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी एजंट एका बाईंना घेऊन आला. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी, आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेली. पुन्हा बाबा काकूंकडे, खिडक्या बंद, कॉफी गॅसवर. मी सगळ्यात मोठ्या नोंदीसमोर पाठ लावून उभा राहिलो. पण माणसाला पाठ एकच असते. बघता बघता चारही भिंती जांभळ्या व्हायला लागल्या.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"डिझाइन," मी म्हणालो. "हल्ली चालतं. जांभळं."

"डिझाइन नाही. तपासणी आहे."

दारात बाबा उभे होते. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्यात काठी, मागे काकू, "अहो थांबा, अहो थांबा" करत. एजंटने डोळे मिटून घेतले.

"बाबा, तुम्ही कशाला..." मी म्हणालो.

"खिडक्या उघड आधी. घरात वाफ कोंडलीस. या पेन्सिलीला ओल मिळाली की अक्षर वर येतं. म्हणून तर खात्यानं दिली होती."

"मग आधी सांगायचंत ना! तीन हात रंग दिला!"

"मला कोण विचारायला आलं?" बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "या घरात मी नाहीच, असं ठरलंय ना तुमचं."

बायकोने जाऊन गॅस बंद केला. मला लाज वाटली, चांगली सणसणीत वाटली, आणि गंमत म्हणजे तेवढा वेळ भीती वाटायची थांबली. लगेच पुन्हा सुरू झाली, कारण बाबांनी त्या बाईंना घर दाखवायला घेतलं.

ते कसं दाखवलं म्हणून सांगू! दुसऱ्या कोणी जन्मभर लपवलं असतं असं सगळं त्यांनी पाऊण तासात काढून दाखवलं. "हा नळ दर दोन वर्षांनी गळतो. वॉशर बदलायचा, नळ बदलायचा नाही, लोक फसवतात. या खिडकीतून ओल येते, पण फक्त वारा या बाजूचा असला तर. ही फरशी हलते. पाय अडखळत नाही, नुसता आवाज होतो." बाई एकेक नोंद वाकून वाचत होत्या. एजंट माझ्या कानात म्हणाला, "साहेब, संपलं." मी मान हलवली. डोळ्यांसमोर ते सिमेंटचं बाक, आणि त्यावर दुसरंच कोणीतरी बसलेलं.

शेवटी बेडरूम. मुलगी उंबऱ्यातच थांबली. आत जरा अंधार होता. कपाट हलवल्यामुळे त्याच्यामागची भिंत माझ्यासमोर पहिल्यांदाच उघडी पडली होती. रंगाऱ्याने ती रंगवली तेव्हा तिथे काय होतं ते मी बघितलं नव्हतं. आता तिथे एक लांबलचक नोंद वर येत होती. ही माझी लहानपणची खोली. तिथे काय बिघडलं होतं ते मला आठवेना.

बाबा एकदम म्हणाले, "ते राहू द्या. ते जुनं आहे."

पण मुलीने ओढणी सोडली होती. नुकतंच वाचता यायला लागलेली मुलं काही सोडत नाहीत. ती भिंतीपाशी जाऊन एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली.

"मुलगा. वय सहा. दोष, अंधाराला भितो. उपाय, बाहेरचा दिवा चालू ठेवणे. दार उघडे ठेवणे. पूर्ण दुरुस्ती शक्य नाही. शेरा, वापरण्यास योग्य."

मला वाटलं संपलं. खाली पुढच्या तपासण्या होत्या.

"वय नऊ. तोच दोष. वय चौदा. तोच दोष. आता लपवतो. वय सत्तावीस. लग्न. पुढील देखभाल सूनबाईंकडे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. एजंट खिडकीबाहेर बघायला लागला आणि त्याचे खांदे हलत होते. बायको म्हणाली, "बाबा, ही नोंद मला ताबा घेताना दाखवली नव्हतीत."

"कपाट होतं पुढे," बाबा म्हणाले. "नोंदीपुरतं सरकवायचो."

बावन्नाव्या वर्षी, परक्या माणसांसमोर, आपल्या नावे असा शेरा वाचला जाणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. मला भुई दुभंगावी असं वाटत होतं. पण फरशी हलत असली तरी दुभंगणारी नाही, हे बाबांनी नुकतंच सांगितलं होतं.

मुलगी माझ्याकडे वळली. "तुम्हाला अजून भीती वाटते?"

तोंडाशी 'नाही' आलं होतं. त्या महिन्यात मी मेहुणा केला होता, डिझाइन केलं होतं, आणखी एक खोटं काही जड नव्हतं. पण ती उत्तराची फार मनापासून वाट बघत होती.

"वाटते," मी म्हणालो.

"मग काय करता?"

"दिवा चालू ठेवतो."

तिने आईकडे बघितलं. बाईंनी बाबांना विचारलं, "बाहेरचा तो दिवा अजून लागतो का?"

"मागच्या वर्षी होल्डर बदलला," बाबा म्हणाले. "बटणाखाली लिहिलंय."

बाई तिथे गेल्या, वाचलं, बटण दाबलं. दिवा लागला. त्याचा उजेड दारातून खोलीत, बरोबर त्या भिंतीपर्यंत आला. मुलगी त्या उजेडात उभी राहिली आणि पुन्हा आईच्या ओढणीकडे गेली नाही.

"दहा घरं बघितली," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी सांगितलं, काही दोष नाही. मला प्रत्येक ठिकाणी धडकी भरली. इथे निदान काय काय आहे ते कळलं." मग एजंटला म्हणाल्या, "मला हे घर हवंय. या भिंतीला मात्र रंग द्यायचा नाही. तेवढं कागदावर घ्या."

एजंटने ते घेतलं. वीस वर्षांत असं कलम लिहिलं नव्हतं म्हणाला. राहता राहिली एक्केचाळिसावी तक्रार. बाबा मागे घेईनात, सेक्रेटरी पत्र देईनात. बाईंनी वही मागवली, तक्रार वाचली, आणि 'तक्रारदार' यापुढे बाबांच्या नावाखाली आपली सही केली. "तीन मजले मलाही चढायचेत," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींनी नियम शोधले. तक्रार मागे घेता येते की नाही याला नियम होता. वारशाने देता येते की नाही याला नव्हता. त्यांनी हताश होऊन पत्र दिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी हेडमास्तरीणबाईंसमोर विक्रीचा कागद ठेवला. त्यांनी घड्याळ बघितलं. "शेवटच्या तासाला आलात," त्या म्हणाल्या, "पण आलात. आणि फोन वाजला की उचलत जा."

आता बाबांना उतरवायचं होतं. माझ्या महिनाभराच्या भीतीची गंगोत्री ही. हाताच्या खुर्चीला पट्टे बांधले. रंगारी मदतीला आला. त्याला म्हणे त्या भिंतीचा निरोप घ्यायचाच होता. मागून तो आणि एजंट. पुढून, म्हणजे खालच्या बाजूने, जिथे सगळा भार येतो तिथे कोण? बायको म्हणाली, "रंगाऱ्याला पुढे घ्या, त्याच्या हातात जोर आहे." मीही तेच म्हणणार होतो.

"पुढचा भार हा धरेल," बाबा म्हणाले.

मी धरला. उलट पावलांनी एकेक पायरी. माझा डोळा बाबांच्या पायांवर, आणि मनात आत्तापर्यंत या जगात जिन्यावरून पडलेले सगळे लोक. काकू वरून सूचना देत होत्या, त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा म्हणाले, "थांबा."

तीच जागा. चौदा महिन्यांपूर्वी ते जिथे खाली बसले होते ती. खुर्ची टेकवली. बाबांनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची बोटं गार पडली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

"बाबा, भीती वाटते?"

"वाटते," बाबा म्हणाले. "तुला?"

"मला काय, वाटतेच."

"मग हरकत नाही. चल."

आम्ही उतरलो. तळमजल्यावर सेक्रेटरी दारात उभे होते. दोन्ही म्हाताऱ्यांनी चौदा महिन्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. "लिफ्टचं बघा," बाबा म्हणाले. "बघतो," सेक्रेटरी म्हणाले. मग बाबा रस्त्यावर आले आणि चपला शिवणाऱ्याला म्हणाले, "टोपी बरी आहे, पण पहिली जास्त शोभत होती."

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. बाबा दिवसभर बाकावर असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या छत्रीतले दोष सांगतात. गेल्या आठवड्यात एक कोपरा रंगवायचा राहिला म्हणून रंगारी आला होता. त्यानेच मला हाक मारली. माझ्या खोलीत, दिव्याच्या बटणाखाली, ताज्या जांभळ्या अक्षरात नोंद होती:

'मुलगा. वय बावन्न. तीन मजले भार उतरवला. हात थरथरत होते. पकड सुटली नाही. वापरण्यास योग्य.'

बायकोने ती दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात गेली. मलाही डोळ्यांत काहीतरी गेलं, रंगाचं काम चालू असलं की जातं. पण न्यायाची गोष्ट सांगतो, 'हात थरथरत होते' एवढं लिहायची काही एक गरज नव्हती. मी रंगाऱ्याला हळूच विचारलं, तेवढे तीन शब्द झाकता येतील का.

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "उपयोग नाही, साहेब," तो म्हणाला. "परत वर येतील."